आक्काची सही

१ फेब्रुवारी २०१३

खताच्या दुकानदाराने यंदाही डायरी दिली. शेत राहिलं नाही, आता खत काय अंगणात टाकायचं? पण फुकट ते पौष्टिक, म्हणून ह्यांनी आणली आणि माझ्यापुढे टाकली. अंगणवाडीत होते तेव्हा रोज रजिस्टर भरायची सवय होती. ती नोकरी गावाबरोबर सुटली. हात मात्र वळवळतो, म्हणून लिहिते.

आमची जमीन नव्या औद्योगिक वसाहतीत गेली. ज्या रानात यंदा ज्वारीचं कणीसही भरलं नाही, त्या रानाला सोन्याचा भाव आला. गावात लोक पेढे वाटत होते, मी माझा पेढा तसाच देवापुढे ठेवला. पीक बुडालं तर पुढच्या साली पुन्हा पेरता येतं. हा पैसा एकदाच उगवणार, आणि अजून तर तो उगवलाही नाही.

गावात प्यायला पाणी नाही, म्हणून पैसा यायच्या आधीच शहरात बिऱ्हाड केलं. मुकुंदवाडीत दोन खोल्या. इथंही टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात, पण निदान टँकर येतो. पोरगा पुण्यात कामाला लागलाय, त्याचं त्यालाच पुरत नाही. राहिलो आम्ही दोघं.

ह्यांनी बीड बायपासला एक रो-हाउस पाहिलं आणि इसार देऊन मोकळे झाले. इसार कशाचा? माझ्या पाटल्यांचा आणि गळ्यातल्या एकदाणीचा. सराफ्यात नेऊन मोडल्या. आईनं कापसाच्या पैशातून केल्या होत्या, माझ्या नावाचं जगात तेवढंच होतं. बाकीची रक्कम अक्षय तृतीयेच्या आत द्यायची. नाही दिली तर इसार बुडाला, असं कागदावर स्वच्छ लिहिलंय.

मी विचारलं, "आन् पैसा आलाच नाय तर?"

"सरकार काय पळून जातंय व्हय? लई भेदरट हाईस तू."

भेदरट तर भेदरट. हात मोकळे आहेत आणि रात्रंदिवस ते दिसतात, त्याला काय करू?

९ फेब्रुवारी

सांगितलं होतं ना. मोबदल्याच्या कचेरीतून हे तोंड पाडून आले. सासरे गेल्यावर सातबाऱ्याला ह्यांच्या नावाबरोबर आक्कांचंही नाव लागलंय. आक्का म्हणजे सत्यभामा, ह्यांची थोरली बहीण, गंगापूरला दिलेली. दोघांचं नाव, म्हणजे अर्धा पैसा आक्कांचा. नाहीतर त्यांनी हक्कसोड करून द्यायचं. सही झाली की सगळा चेक ह्यांच्या नावानं, चार दिवसांत.

अर्ध्या पैशात रो-हाउस येत नाही. म्हणजे माझ्या पाटल्या गेल्या.

पण हे म्हणाले, "आक्का आपलीच हाय. साडीचोळी केली की झालं. कोन बहीण भावाकडं वाटा मागती?"

खरंच आहे. माझे वडील गेले तेव्हा कचरूनं, माझ्या भावानं, देवगाव रंगारीहून जीप करून मला नेलं, कन्नडला कचेरीत बसवलं आणि म्हणाला, इथं सही कर. मी केली. किती एकर, कुठला गट, एका शब्दानं विचारलं नाही. हिरवी साडी नेसवली आणि जेवायला पुरणपोळी केली होती. सगळी आळी म्हणाली, बहीण असावी तर चंद्रकलेसारखी. तिथून इकडे बिचाऱ्याचं नशीब मात्र असं, की दर भाऊबीजेला नेमकं त्यांना कुठंतरी जावं लागतं. कधी सासुरवाडी, कधी देवदर्शन. फोन मात्र आठवणीनं करतो, येऊ नकोस, हेलपाटा पडेल म्हणून.

१७ फेब्रुवारी

हे गंगापूरला जाऊन आले. आक्का म्हणाल्या, "इचार करते."

विचार? कसला विचार करायचाय? भाऊ दारात येऊन सही मागतो आणि बहीण विचार करते! मी म्हटलं, त्यांचे कान कुणीतरी भरलेत. हे जेवताना भाकरीचे तुकडे करत राहिले आणि ताट तसंच ठेवून उठले. हा माणूस दुष्काळात एक वेळ उपाशी राहिला असेल, पण ताटात अन्न टाकून कधी उठलेला नाही.

२ मार्च

शहागंजला जाऊन आक्कांसाठी साडी घेतली. दुकानदारानं पहिल्यांदा चौदाशेची काढली, मोरपंखी, काठ बघत राहावेत अशी. ह्यांनी हातात घेतली. मी कोपर मारलं. साडी नेसून ही बाई कुठं जाणार? शेवटी साडेआठशेची पसंत केली. त्यात ब्लाउजपीस आलाच, म्हणजे चोळीचा खर्च वाचला.

बाहेर पडल्यावर हे म्हणाले, "लई हलकी वाटंल का गं?"

मी म्हणाले, "भावाची साडी हलकी-भारी नसती." ह्यांना पटलं. मलाही पटलं.

ठरलं असं, की आता मी जायचं. बाईचं बाईला कळतं.

१० मार्च

काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून गंगापूरला गेले. दोन्ही बाजूला रानं पांढरीफटक. उसाची खोडं उपटून जनावरांपुढे टाकली होती.

आक्कांचे मालक, काकासाहेब, ट्रकवर ड्रायव्हर होते. दिवाळीत लकवा मारला, तेव्हापासून खाटेवर. मला हे माहीत होतं, पण बघितलं नव्हतं. डावा हात पोटावर ठेवलेला, जणू दुसऱ्याचा. मला बघून हसले, अर्ध्याच तोंडानं. आक्का हॉस्टेलच्या पोरांचे डबे करतात. चूल आणि गॅस दोन्ही पेटलेले, पीठ कोपरापर्यंत.

उशाला गोळ्यांची पाकिटं कात्रीनं कापून ठेवलेली, चार-चारच गोळ्या. मी विचारलं, सगळं पाकीट का नाही आणत? म्हणाल्या, "ताज्या आनलेल्या बऱ्या." आता गोळी म्हणजे काय मेथीची जुडी आहे, शिळी व्हायला? पण आक्कांचं सगळं जगावेगळंच. मला जेवायला वाढलं, वांग्याची भाजी, भात. स्वतः मिरचीचा खर्डा आणि भाकरी घेऊन बसल्या. वांगं आवडत नाही म्हणाल्या. पहिल्यापासून खाण्यात नखरेल.

मी साडी पुढे केली. त्यांनी हात पुसून पदर उलगडून पाहिला, पुन्हा नीट घडी घातली.

"छान हाय. राहू दे तुझ्याकडं. इथं पिठाचे डाग पडतेल."

"आक्का, सही झाली की नेसा. तुमच्या भावाचा जीव टांगनीला लागलाय."

त्या डबे भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझी बी घेतली व्हती ना कचरूनं?"

"व्हय. म्या तर बघितलं बी नाय काय लिव्हलंय ते."

"मंग? काय मिळालं?"

"माहेर राहिलं की. आनिक काय पायजे बाईला?"

"कवा गेली व्हतीस?"

मी म्हणाले, झाली दोन-तीन वर्षं, त्यांनाही कामं असतात, मलाही. आक्कांनी टोमणा मारला असता तर मी चार शब्द सुनावले असते. पण त्यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला.

निघताना म्हणाल्या, "काकासाहेबांला पुन्यात दाखवायचं म्हनतेत डॉक्टर. म्हनून इचार करते. पुंडलिकला सांग, मी त्याची बहीण हाय, वैरीन नाय."

जीपमध्ये बसल्यावर मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. नुसती भीती वाटली. दमदाटी करणाऱ्या माणसाशी भांडता येतं. अशा माणसाशी कसं भांडायचं?

२८ मार्च

धुळवडीला कोरडीच राख लावली. रंग खेळायला पाणी कुणाच्या बापाचं?

गावातल्या एकाला आमच्या आधी चेक मिळाला. त्यानं गाडी घेतली. चालवता येत नाही म्हणून ड्रायव्हर ठेवला. दोन महिन्यांत ड्रायव्हर पगारासाठी भांडून गेला आणि गाडी पिंपळाखाली उभी आहे, तिच्यावर कोंबड्या बसतात. हे ऐकून सगळे हसले. मी हसले नाही. पैसा आला तरी भीती, नाही आला तरी भीती. सुखाची झोप कुणाच्या नशिबात लिहिलीय कुणास ठाऊक.

हे हल्ली रोज सकाळी उठून बायपासला जातात आणि त्या घरासमोर उभे राहून परत येतात. घरमालकानं सांगितलं, मागे गिऱ्हाईकं रांगेत उभी आहेत, एकही दिवस वाढवून देणार नाही. मग म्हणाला, दोन लाख आणखी आणा, दिवाळीपर्यंत थांबतो.

दोन लाख. मी ह्यांना म्हणाले, कचरू देईल. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चंद्रावरून पाणी आणते म्हणाले. मला राग आला. माझा भाऊ आहे तो. त्याच्यासाठी मी डोळे मिटून सही केली.

१५ एप्रिल

देवगावला जाऊन आले. लिहावं की नाही कळत नाही. पण सांगू तरी कुणाला?

न कळवता गेले. म्हटलं, माहेरी कळवून कोण जातं? जुनं पत्र्याचं घर नव्हतंच. तिथं स्लॅबचं, दोन मजली, जिन्याला स्टीलचा कठडा. मी पुढच्या घरापर्यंत चालत गेले आणि मागे फिरले. स्वतःच्या माहेराचं दार मला ओळखू आलं नाही.

भावजय दारात आली. "अगं बाई, वन्सं! आधी फोन तरी करायचा." हसत होती, पण दारातून बाजूला सरकायला तिला वेळ लागला. आत भिंतीवर वास्तुशांतीचा फोटो. सगळे पाहुणे रांगेत बसलेले. तिच्या दोन्ही बहिणी, तिचे भाऊ, शेजारीपाजारी. मला फोटोतली तारीख दिसली. मागच्या वर्षीची भाऊबीज. त्या दिवशी कचरू फोनवर म्हणाला होता, आम्ही देवाला निघालोय, घराला कुलूप आहे.

कचरू मळ्यातून आला. वडिलांच्या रानात शेततळं केलंय, काळा कागद अंथरून. अशा दुष्काळात त्यात पाणी आहे आणि अद्रक हिरवंगार उभं आहे. मला बरं वाटलं. खरंच वाटलं. वडिलांचं रान हिरवं होतं.

मी पैशाचं काढलं. दिवाळीपर्यंत, उसने. कचरू टाचेची माती काढत बसला.

"ताई, हातात असतं तर नाय म्हनलो नसतो. सगळं पोरांच्या नावावर केलंय. आन् खरं सांगू का, तवा तू मागितलं असतंस तर गोष्ट येगळी व्हती. आता तुझा तिथं संबंध नाय."

"संबंध नाय?"

"म्हंजी कागदावर."

भावजयीनं चहा दिला. निघताना ओटी भरली, नारळ, खण, सगळं रीतीनं. ओटी भरताना तिचं लक्ष घड्याळाकडे होतं, कन्नडची एसटी कधी आहे ते बघत होती. कचरू स्टँडपर्यंत आला. त्यानं तिकिटाचे पैसे दिले. वर म्हणाला, "येत जा अधूनमधून." त्याला वाईट वाटत होतं, मला दिसत होतं. तेच जास्त लागलं.

एसटीत मांडीवर नारळ घेऊन बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का? मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच माहीत नाही.

ह्यांना सांगितलं, कचरू घरी नव्हता, कुलूप होतं.

२ मे

उन्हाचा कहर. टँकर तीन दिवस नाही.

हे काल गंगापूरला गेले होते. जाऊन आक्कांच्या पायावर डोकं ठेवलं, रडले, म्हणाले घर गेलं तर विहिरीत उडी घेईन. आमच्या गावच्या एकाही विहिरीत पाणी नाही, उडी मारली तर गुडघा फुटेल, एवढंच. एरवी मी हे बोलून दाखवलं असतं. आज नाही, कारण ह्यांचा चेहरा बघितला. हे नाटक करत नव्हते.

आज आक्कांचा फोन आला. "बुधवारी येते. कागद तयार ठेवा."

ह्यांनी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खालीच बसले. मी देवापुढे दिवा लावला. काय मागावं ते सुचलं नाही. मग म्हणाले, सुटलो रे देवा. आणि तरी भीती जात नाही. आधी त्या सही करणार नाहीत म्हणून होती. आता कशाची?

८ मे

सही झाली.

आक्का पहिल्या जीपनं आल्या. बरोबर फडक्यात भाकरी आणि ठेचा, सगळ्यांना पुरेल एवढा. कचेरीत उशीर लागतो, कुणी उपाशी नको, म्हणाल्या. वकिलाच्या कारकुनानं कागद मोठ्यानं वाचला. स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, भावावरील प्रेमापोटी. आक्का नीट ऐकत होत्या. पेन हातात घेतलं आणि म्हणाल्या, "जरा थांबा." मग माझं मनगट धरून मला बाहेर जिन्यात घेऊन गेल्या.

जिन्यात कुणी नव्हतं. त्यांचा हात खरखरीत, चुलीच्या धगीनं भाजलेला.

"चंद्रकला, पुंडलिक रडला तवा माझ्या पोटात तुटलं. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलाय. पर आत्ता त्याच्या शब्दाचा काय भरवसा, तो बुडता मानूस हाय. तू या वाटंनं गेलेली हाईस. तूच सांग मला. सही केल्यावर माहेर राहतं का?"

मी पदर डोक्यावर ओढून घेतला.

"राहत असंल तर करते. काकासाहेबांचं बघू, देव हाय. पन दोन्ही गेलं तर मी कुनाकडं बघू? तू नाय म्हन, मी अशीच्या अशी जीपमधी बसते. पुंडलिकला सांगन, माझंच मन फिरलं. तुझं नाव घेनार नाय. माझ्या आईची आण."

मला देवगावचं दार दिसलं. भावजय दारातून सरकत नव्हती, ते दिसलं. कापलेल्या गोळ्या दिसल्या, आणि आता मला कळलं होतं की त्या का कापलेल्या होत्या. वांगं का आवडत नव्हतं, तेही. सगळं मला माहीत होतं. आणि त्याच वेळी माझे दोन मोकळे हात दिसले, आणि बायपासला त्या घरासमोर उन्हात उभे असलेले हे दिसले, आणि पाच दिवसांवर आलेली अक्षय तृतीया.

मी म्हणाले, "राहतं, आक्का."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. "मंग झालं," म्हणाल्या. आत जाऊन एकेक अक्षर सावकाश काढत सही केली. चौथीपर्यंत शिकल्यात. ह्यांनी त्यांचे पाय धरले. कारकुनानं साडी कुठं आहे विचारलं, रीत असते म्हणून. ती मी घरीच विसरले होते.

नंतर नगर नाक्यावर सावलीत बसून भाकरी खाल्ली. आक्का आनंदात होत्या. म्हणाल्या, नव्या घरात मला एक खोली दाखवा, ही आक्काची म्हणून, राहायला नको, नुसती दाखवा. हे हसले. मी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. जीपमध्ये चढताना त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "पुंडलिकवर नव्हता, तुझ्यावर इस्वास व्हता."

जीप गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच उभी होते.

घरी येताना ह्यांनी पेढे घेतले. किती महिन्यांनी ह्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. चप्पल काढता काढता सगळं ठरवून टाकलं, घर ह्यांच्या एकट्याच्या नावावर, चेक कुठल्या बँकेत, वास्तुशांती कधी, आचारी कोण. मी चहा ठेवला होता.

मग म्हणाले, "वास्तुशांतीला आक्काला नको बोलवायला. काकासाहेब असे, ती एकटी यीन, घर बघंल, उगं तिच्या मनाला लागंल. मागनं निवांत बोलवू. काय?"

मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

हे पेढ्याचा पुडा घेऊन शेजाऱ्यांकडे गेले. आणि मग मला देवगावच्या भिंतीवरचा तो वास्तुशांतीचा फोटो दिसला, आणि इतकी भीती वाटली, की चहा उतू जात होता तरी गॅस बंद करायचं सुचलं नाही.